सांगणारा आणि लिहिणारा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सामरवरणीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर दोन मुलांचा एक खेळ रंगला होता. एक आमचा नातू, दुसरा मागच्या पाड्यावरचा त्याच्याच वयाचा मुलगा. पट नाही, सोंगट्या नाहीत. लुडोच्या डब्यातला एक फासा तेवढा. पाड्यावरचा मुलगा सांगायचा, "तू रानात शिरलास. पुढे वाट फुटते, एकीकडे धूर दिसतो. आता काय करशील?" नातू काय करणार ते सांगायचा, फासा टाकायचा आणि गोष्ट पुढे सरकायची. रान त्या मुलाचे, भुतेखेते त्याच्या आजीकडून आलेली. बोलणे मराठी, गुजराती आणि वारली यांची खिचडी. आपल्या मुलखात दुसरे काय असणार!

नातवाने तो सगळा खेळ शंभर पानी वहीत उतरवला. नियम, कोष्टके, रानाचा नकाशा. मग सिल्वासाच्या एका झेरॉक्सच्या दुकानात वीस प्रती काढून वीस-वीस रुपयांना विकल्या. मला कौतुक वाटले. मुखपृष्ठ पाहिले तर त्यावर एकच नाव होते, त्याचे स्वतःचे. मी विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, "आजोबा, त्याने नुसते सांगितले. पुस्तक तर मी लिहिले."

अशा खेळांचे मूळ कुठले, म्हणून मी नंतर थोडी चौकशी केली. ते अमेरिकेत सापडले आणि तिथेही हेच वाक्य दडलेले होते.

1969 च्या सुमारास मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने युद्धखेळात एक बदल केला. एकेका खेळाडूने सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका घ्यायची. त्याच्या मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने 1971 मध्ये ती कल्पना ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक राज्यात नेली. भुयारे, राक्षस, जादू. सारे नियम त्याच्या डोक्यात आणि सुट्या कागदांवर. त्याने हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी गॅरी गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्स हा विम्याच्या कचेरीतली नोकरी गेल्यावर जोडे दुरुस्त करून संसार चालवणारा आणि खेळाच्या नादापायी रात्र रात्र टंकलेखन यंत्रावर बसणारा गृहस्थ. आर्नेसनने काही पाने टिपणे पाठवली. गायगॅक्सने त्यांचे पुस्तक केले. प्रस्थापित प्रकाशकांकडे सोय लागेना, तेव्हा 1973 मध्ये त्याने मित्र डॉन के याच्यासह टीएसआर ही संस्था काढली, आणि जानेवारी 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाले. तीन पुस्तिका, एक खोके, किंमत दहा डॉलर, प्रती अवघ्या एक हजार. खोकी घरीच भरली जात. त्या हजार प्रती खपायला जवळपास वर्ष लागले.

मुखपृष्ठावर तेव्हा दोघांचीही नावे होती. भांडण पैसा आल्यावर सुरू झाले (आपल्याकडच्या वाटण्यांसारखेच). 1977 पासून त्याच खेळाची नवी, मोठी आवृत्ती निघू लागली, आणि लेखक म्हणून नाव उरले एकट्या गायगॅक्सचे. हा खेळच वेगळा आहे, तेव्हा आर्नेसनला मानधन देणे लागत नाही, असा पवित्रा संस्थेने घेतला. 1979 मध्ये आर्नेसन न्यायालयात गेला. 1981 मध्ये तडजोड झाली. पुढे 1985 मध्ये खुद्द गायगॅक्सच्याच हातून त्या संस्थेचा ताबा गेला.

यात एकाला चोर आणि दुसऱ्याला साव ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आर्नेसनची टिपणे एखाद्या परक्या गावातल्या मुलाच्या हाती पडली असती तर त्याला खेळता आले नसते. ती लावणे, अडलेल्या जागी नियम घालणे, पदरचे पैसे घालून छापणे हे खरे श्रम आहेत. शिवाय आर्नेसननेही सुरुवातीला गायगॅक्सच्याच 1971 च्या 'चेनमेल' या पुस्तकाचे नियम वापरले होते. देणे दोन्ही बाजूंनी होते. कायदाही लिहिणाऱ्याच्या बाजूने झुकतो. कल्पनेला नाही, तिच्या मांडणीला संरक्षण. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1978 मध्ये एका चित्रपटाच्या खटल्यात हेच सांगितले.

मला अडते ते पुढे. त्या खेळात टॉल्किनच्या कादंबऱ्यांतला हॉबिट होता. हक्कदारांनी हरकत घेतली आणि ते नाव काढावे लागले. 1977 च्या राक्षसकोशात आपला राक्षसही आहे, वाघाच्या तोंडाचा. त्याच्यासाठी हरकत घ्यायला कोण जाणार? ज्याच्यामागे छापील पुस्तक आणि वकील, त्याचे नाव चालते. आजीच्या तोंडून आलेले सगळे वाटेवरचे पाणी, कुणीही ओंजळीत घ्यावे. आपल्या मोक्षपटाचे असेच झाले. परंपरा त्याचा कर्ता म्हणून ज्ञानदेवांकडे बोट दाखवते, तसा लेखी पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो विलायतेत सापशिडी म्हणून छापला गेला आणि दुकानातून आपल्याकडे परत आला. इथल्या भवाड्यात मुखवटे चढवून सोंगे नाचतात, त्यांचाही कुणी लेखक नाही. लेखक नाही म्हणजे मालक नाही, इथवर मी येतो. पण मालक नाही म्हणजे ऋणही नाही, हे मला पटत नाही.

नातवाला मी हे सांगायला बसलो आणि मध्येच थांबलो. नोकरीत असताना मी या भागातल्या लोककथांचा एक छोटा संग्रह छापला होता. बहुतेक कथा एकाच म्हातारीने सांगितलेल्या, तीन उन्हाळे, माझ्याच ओट्यावर बसून. मुखपृष्ठावर माझे नाव, आत आभार मानले ते मुद्रकाचे आणि साहेबांचे. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मला ते खुपलेही नाही. कपाटातून पुस्तक काढून नातवापुढे ठेवले. त्याने पाने चाळली आणि विचारले, "ती आजी कोण?" मला तिचे आडनाव आठवेना. पाड्यावर सगळे तिला बाय म्हणत, मीही.

नातवाकडे आठ प्रती उरल्या होत्या. त्याने दुसऱ्या दिवशी मित्राला बोलावून प्रत्येकीवर पेनने त्याचे नाव घातले, स्वतःच्या वर. तो मुलगा गुजराती माध्यमातला. बोट ठेवून सावकाश वाचत होता. नाव पाहून हसला, मग आत वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे चुकलेय," तो म्हणाला. "नदी उतरायला सहा पडावे लागत नाहीत. काठावर म्हातारी बसलेली असते. तिला विचारावे लागते."

नातवाने पेन उचलले. समासात जागा फारच थोडी होती.