सूत्राविना बाहुली

कळसूत्री बाहुलीला नाचविणारे सूत्र प्रेक्षकांपासून लपविलेले असले, तरी ते आहे याविषयी कोणाला शंका नसते. परंतु तीच बाहुली जलरंगांत कागदावर उतरली की सूत्र संपते. मग तिला हालवितो कोण?

सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. तेथे कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला एकत्र नांदतात. या कलांच्या सेवेसाठी 2021 साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री लाभली. चित्रकथीतील राम-रावण त्या बाहुल्यांची सख्खी भावंडे शोभावीत: तेच मोठे डोळे, तीच ठसठशीत रेषा. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो, वीणा व हुडूक वाजू लागतात, आणि कागदावरचा स्थिर रावण श्रोत्यांच्या मनात पाऊल उचलतो. रूप चित्रकाराचे, सूर कथेकऱ्याचा. चालण्याचे बळ मात्र श्रोत्याचे.

कोलकात्यास राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना याचा दुसरा दाखला बंगालमध्येच सापडतो. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील पिंगला भागात नया नावाचे गाव आहे. तेथील पटुआ लांब पट उलगडीत चित्रातली कथा गातात. त्यांतील बहुतेक मुसलमान. तरी मनसादेवीच्या आणि राम-सीतेच्या कथा ते रंगवितात व गातात. दुसऱ्याच्या श्रद्धेतील दुःख आपल्या गळ्यातून उमटवावयाचे, तर कल्पनाशक्ती किती दूरवर गेली पाहिजे!

आम्ही सरकारी नोकरीतली माणसे स्वतःला विनोदाने कळसूत्री बाहुल्या म्हणवितो. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड आवरावे. नियम सांगेल तसा हात हालवावा. या विनोदात एक सोयही दडलेली असते: नाचविणारा दुसरा, तेव्हा जबाबदारीही दुसऱ्याची. परंतु टेबलावरच्या अर्जाकडे पाहिले की ही उपमा उलटते. निवृत्तिवेतन अडकलेली एखादी विधवा तेथे कागदावर स्थिर उभी असते. तिला सूत्र नाही, आवाज नाही. नियम आम्हांला तिचा क्रमांक सांगतो, तिचे घर दाखवीत नाही. ते आम्हीच मनात उभे करावयाचे असते. कल्पनाशक्तीला फावल्या वेळेचा विलास समजणारा अधिकारी नियमात कदाचित कधी चुकणार नाही. पण त्याच्या पुढ्यातल्या कागदातले माणूस कागदातच राहील.