वर्षश्राद्धाआधीचे सहा महिने

थोरल्या काकांना मूलबाळ नव्हतं, काकू आधीच गेलेल्या. काका वारले त्याच आठवड्यात गुलबर्ग्याच्या ब्रह्मपुरातल्या त्यांच्या माळवदी घराला धाकट्या काकांनी कुलूप घातलं आणि चावी जानव्याला बांधली. सोलापूरला दिलेल्या आत्यानं मात्र कुलूप पडण्याआधीच एका पाठकोऱ्या कागदावर भांडी, पासबुकं, खतं, देव, सगळं लिहून काढलं होतं. "माणूस जाऊन तीन दिवस झाले नाहीत आणि ही भांडी मोजतेय," अशी कुजबुज झाली. कुजबुजणाऱ्यांत मीही होतो. आता वाटतं, त्या घरात कायदा कळलेली तेवढी एकच बाई होती, आणि तिनं तो कधी वाचला नव्हता.

हा कायदा म्हणजे १९२५च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातली कलमं १९२ ते २१०. मजकूर त्याहून जुना, कंपनी सरकारच्या १८४१ सालच्या एकोणिसाव्या कायद्यातला. मयताच्या मिळकतीत कुणी हक्काशिवाय शिरून बसलं, तर वारसानं जिल्हा न्यायाधीशाकडे जायचं. मालकी कुणाची हा प्रश्न तिथे सुटत नाही. तूर्त ताबा कुणाकडे राहायचा, एवढंच ठरतं. तेही ठरेपर्यंत मालाची अफरातफर किंवा नासाडी होईल अशी धास्ती दिसली, तर न्यायाधीश राखणदार नेमतो. त्यानं जामीन द्यायचा, हिशेब दाखल करायचे. त्याचा मेहनताना जंगम मालाच्या आणि स्थावराच्या वार्षिक उत्पन्नाच्या शेकडा पाचावर जाता कामा नये. यातलं सगळ्यात शहाणं वाक्य मला कलम १९४मध्ये सापडलं. चौकशी पुरी व्हायच्या आतसुद्धा न्यायाधीश अधिकारी धाडू शकतो, आणि त्या अधिकाऱ्यानं चीजवस्तूंची यादी करून मग मोहोर लावायची. आपल्याकडे नुसतीच मोहोर लागते. कुलपाआड काय होतं हे ज्याच्याकडे चावी त्यालाच ठाऊक.

आणि कलम २०५ सांगतं की हा अर्ज मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत करायचा. आपल्या घरांतून मात्र ठरलेलं वाक्य असतं, 'वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बसून बोलू.' ऐकायला ते फार सभ्य वाटतं. पण वर्षश्राद्धाची पंगत उठते तेव्हा हा दरवाजा बंद होऊन सहा महिने झालेले असतात. मग उरतो वाटणीचा नेहमीचा दावा, त्यात मनाई हुकूम, रिसीव्हर, 'जैसे थे'. म्हणजे तारखा. दुःखाचा मान राखणारी ही रीत नेमकी ताबा असलेल्याच्याच कामी येते, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आमच्या बाबतीत हक्काचा घोळ नव्हताच. घर काकांच्या स्वकष्टाचं, आजीआजोबा हयात नव्हते. अशा निपुत्रिकाच्या मागे भाऊ आणि बहीण सारखेच वारस, हे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंच ठरवलेलं. घोळ शेताचा झाला. मृत्यूनंतरच्या वारसनोंदीला आपण फौती म्हणतो, तीच कन्नडात 'पौती'. पहाणीवर, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, दोनच भावांची नावं चढली. उतारा कन्नडात, आत्याला अक्षर लागेना. नोंदीनं मालकी मिळत नाही असं वकील सांगतात, पण गावात मालक पहाणीवरचाच.

राखणदार खरंच काय करू शकतो हे पाहायचं तर हैदराबादला जावं. गुलबर्गा निजामाच्या काळी त्याच राज्यातला सुभा. निजामाचे एके काळचे दिवाण तिसरे सालारजंग, जन्म पुण्याचा, १८८९चा, २ मार्च १९४९ला वारले. लग्न नाही, मूल नाही. जहागिरीत कोप्पळ, आणि आपलं अजिंठाही. सरकारनं वटहुकूम काढून इस्टेटीवर समिती बसवली. समितीला स्वतःला त्यातलं काही मिळायचं नव्हतं, आणि राखण जमायला तेवढंच पुरतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या जहागिरी रद्द झाल्या. वस्तू मात्र हवेल्याहवेल्यांतून गोळा होऊन त्यांच्या दिवाण देवडी या वाड्यात मांडल्या गेल्या. १६ डिसेंबर १९५१ला नेहरूंनी तिथलं संग्रहालय खुलं केलं. नातलगांशी उच्च न्यायालयातली तडजोड झाली १९५९ साली. म्हणजे मधली सात वर्षं बुरख्यातल्या रिबेकाचा संगमरवरी पुतळा डोळे भरून पाहणारे लोक एका न मिटलेल्या वारशासमोर उभे होते! १९६१मध्ये संसदेनं कायदा करून ते संग्रहालय राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं.

त्याच राज्याचा दुसरा किस्सा लंडनचा. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाच्या नावचे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले आणि वादात अडकले. निजाम १९६७ला वारले, निकाल २०१९ला लागला. तोवर रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. पैसा असा गोठवता येतो, वर वाढतोही. माळवद गोठवता येत नाही. दर वर्षी पावसाआधी त्यावर पांढरी माती टाकावी लागते, आणि टाकणारा म्हणतो, माझ्या एकट्याचं आहे का?

पाच टक्क्यांसाठी ब्रह्मपुरातल्या घराची राखण करायला कोण येणार होतं? अशा घरांना समिती मिळत नाही. दोन परक्यांच्या सह्यांची यादी आणि प्रत्येक वारसाकडे तिची एक प्रत, एवढं तरी तेराव्याच्या आत व्हावं. पुरोहितानंच ते सामानाच्या यादीत घातलं तर आणखी बरं.

दोन पावसाळ्यांत माजघरावरचं माळवद बसलं. तिसऱ्या वर्षी कुलूप उघडून वाटणीला बसलो. आत्याच्या कागदावर तांब्याची भांडी अकरा होती, निघाली सात. चाराचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. कागद तिच्या मांडीवर होता, आणि धाकटे काका सातही भांडी तिच्याकडे सरकवत होते.