बर्फाची सबब

नाशिकच्या माणसाला बर्फ म्हटला की दोनच ठिकाणे आठवतात. एक, उन्हाळ्यातील गोळेवाल्याची गाडी. आणि दुसरे, निफाडकडील द्राक्षबागा, जेथे ऐन थंडीत एखाद्या पहाटे पानांवरचे दव गोठते आणि बागाईतदार रात्रभर शेकोट्या पेटवून घड राखीत बसतो. अशा या गावात, गेल्या मार्च महिन्यात, एका स्नेह्यांच्या घरी बर्फावरील हॉकीचा विषय निघाला, तो त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या कन्येमुळे. अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांची चित्रे ती मोठ्या कौतुकाने पाहत होती. “आपल्याकडे मुलींच्या सामन्यांचा असा सोहळा का होत नाही?” असे तिने विचारताच मंडळींतील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “अगं, त्याला आधी बर्फ लागतो!” सर्वजण हसले, मीही हसलो. मुलगी मात्र हसली नाही. घरी परतताना माझ्या ध्यानात आले की, तिने बर्फाविषयी विचारलेच नव्हते. तिने मुलींविषयी विचारले होते.

आपल्या वैशेषिक परंपरेने अभाव हाही एक पदार्थ मानला आणि त्याचे प्रकार सांगितले. त्यांपैकी दोहोंचे येथे प्रयोजन आहे. घट घडण्यापूर्वी मातीच्या ठिकाणी घटाचा जो अभाव असतो, तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. कुंभाराने चाक फिरविले की तो संपतो. उलटपक्षी वायूच्या ठिकाणी रूपाचा जो अभाव, तो अत्यंताभाव. त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही. हा भेद केवळ तर्कशास्त्राचा आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की, नीतिशास्त्राचाही तो एक पाया आहे. अत्यंताभावाबद्दल कोणालाच बोल लावता येत नाही. प्रागभावाबद्दल मात्र कुंभाराला विचारावे लागते की, बाबा रे, माती होती, चाक होते, मग तू कोठे होतास? म्हणूनच मनुष्याची बुद्धी नेहमी एक चलाखी करते. जे आपण केले नाही, ते होण्यासारखेच नव्हते असे ती ठरवून टाकते. प्रागभावाला अत्यंताभावाचे नाव देऊन मोकळी होते.

ज्या खेळावरून हा प्रसंग घडला, त्याचाच इतिहास पाहा. अमेरिकेत महाविद्यालयीन पुरुषांचे बर्फावरील हॉकीचे राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने 1948 साली सुरू झाले. त्याच राष्ट्रीय क्रीडासंघटनेने मुलींचे पहिले अजिंक्यपद भरविले ते 2001 साली. मिनीआपोलिस येथे मिनेसोटा-डुलुथच्या मुलींनी सेंट लॉरेन्सच्या संघाचा 4 विरुद्ध 2 गोलांनी पराभव केला. मधली 53 वर्षे बर्फ काही वितळला नव्हता. तळी तीच, हिवाळे तेच, महाविद्यालयेही पुष्कळ अंशी तीच. दरम्यान 1972 साली, सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांस स्त्रीपुरुष असा भेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला. 1998 साली नागानो येथील ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या या खेळास प्रथम प्रवेश मिळाला. आणि मग हे अजिंक्यपद आले. निसर्गाने जे फार पूर्वीच दिले होते, ते मनुष्याने देण्यास अर्धशतक घेतले.

यावर कोणी म्हणेल की, मुलींना आवडच नसेल, त्याला कोण काय करणार? परंतु आवड ही आकाशातून पडत नाही. ज्या दाराला कुलूप आहे त्या दारातून आत जाण्याची इच्छा शहाणी मुले लवकरच सोडून देतात, आणि आपण त्या सोडून देण्यालाच अनिच्छा म्हणतो. आपल्या देशात लडाखकडे पाहावे. तेथे बर्फ भरपूर. तरी तेथील मुलींचा प्राधान्याने भरणा असलेला भारतीय स्त्रियांचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो 2016 साली, तैपेई येथे. पुढच्याच वर्षी बँकॉकला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि तेथे त्यांनी फिलिपाइन्सवर पहिला विजय मिळविला. 2025 साली याच संघाने आशिया चषकात कांस्यपदक पटकाविले. हे सामने कोठे झाले असतील? संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐन येथे. म्हणजे भर वाळवंटात! तेव्हा आमच्या वयोवृद्ध स्नेह्यांचे म्हणणे शब्दशः घेतले तरी टिकत नाही. मनुष्याने मनावर घेतले तर बर्फाचा अभावदेखील प्रागभावच ठरतो.

पण नाशिकने बर्फाचे क्रीडांगण बांधावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझा प्रश्न जवळचा आहे. या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात सावरपाडा नावाचे छोटे गाव आहे. तेथील एका आदिवासी कुटुंबातील कविता राऊत हिने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत 10,000 मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. या स्पर्धांत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धांत तिने रौप्यपदक जिंकले, आणि 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. पुढे 2017 साली नाशिकच्याच संजीवनी जाधव हिने तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांत याच अंतरावर रौप्यपदक मिळविले.

या यशाचा आम्हां नाशिककरांस अभिमान आहे, आणि तो असावा. परंतु तो अभिमान आपण कोणत्या शब्दांत व्यक्त करतो, हे एकदा कान देऊन ऐकावे. “डोंगर तुडवून पाणी आणले, अनवाणी धावली, म्हणूनच एवढी झाली,” असे सभांतून मोठ्या गहिवराने बोलले जाते. या ‘म्हणूनच’मध्ये फार मोठी लबाडी दडलेली आहे. पाण्याच्या वणवणीने धावपटू घडत असते, तर आमच्या प्रत्येक टंचाईग्रस्त पाड्यात एकेक पदक लटकलेले दिसले असते. कविता राऊत घडली ती स्वतःच्या विलक्षण चिकाटीने. आणि ती चिकाटी फुकट गेली नाही याचे कारण विजेंद्र सिंग यांच्यासारख्या प्रशिक्षकाची नजर तिच्यावर पडली, धावण्यास मैदान मिळाले, सरावास वर्षे मिळाली. कष्टांनी तिला घडविले असे म्हणणे म्हणजे तिचे श्रेय दारिद्र्याला देणे होय. आणि त्याहूनही वाईट म्हणजे ते दारिद्र्य जसेच्या तसे राहू देण्याची सोय करून घेणे होय. ज्या दुःखाची आपण स्तोत्रे गातो, ते दूर करण्याची घाई आपल्याला उरत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानीत नाही. जेथे पिण्याच्या पाण्याची ददात, तेथे मुलींच्या खेळाची चिंता ही सुखवस्तू माणसाची चैन नव्हे काय? आधी पाणी, मग मैदान, हा क्रम कोण नाकारील? मीही नाकारीत नाही. मात्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला मान्य नाही. मुलीचा खेळण्याचा तास कोणी चोरला असे विचारले, तर तो डोक्यावरच्या हंड्याने चोरला असेच उत्तर येईल. म्हणून ज्या दिवशी पाड्यावरच्या अंगणात नळ येतो, त्या दिवशी त्या घरातील मुलीला तिचे पहिले क्रीडांगण मिळते. खेळ म्हणजे तरी काय? जो वेळ कोणाच्याही उपयोगासाठी नाही, केवळ आपला आहे, असा वेळ. तो ज्याला कधी मिळालाच नाही, त्याला आपण मनुष्य म्हणतो खरे, पण वागवितो साधनासारखे.

आणि जेथे नळ आहे तेथे तरी काय आहे? हे लिहिताना मला माझ्याच घरातील एक गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. माझी पुतणी कॉलेजच्या संघातून खो-खो खेळत असे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची अंतिम फेरी ज्या दिवशी होती, नेमके त्याच दिवशी तिला पाहावयास पाहुणे यावयाचे ठरले. दिवस बदलून मागणे कोणासही अवघड नव्हते. पण ते कोणालाच सुचले नाही. मुलीला ताप आला आहे असा निरोप मीच कॉलेजात पोचविला. ती काही बोलली नाही. तिने पोहे केले, चहा आणला, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली. संध्याकाळी ती ओट्यावर बसून बराच वेळ पायांतील चाळवाचाळव थांबवू पाहत होती, असे मला आठवते. सामन्याचे काय झाले हे तिने विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. ते स्थळ जमले नाही. पुढे दुसरे जमले. ती आज सुखात आहे. परंतु तिच्या सुखाने माझ्या त्या निरोपातील असत्य धुऊन निघत नाही.

त्या दिवशी मैदान आखलेले होते. खांब रोवलेले होते. आभाळ स्वच्छ होते. आणि खो-खोला बर्फ लागत नाही.