पोलाद तेच, पगारपत्रक वेगळं

चीनला गेलेले कारखाने परत आणले की मध्यमवर्ग सावरेल, असं अमेरिकेत म्हटलं जातं. ते कारखाने आपल्याकडे ओढून घेतले की आपला मध्यमवर्ग वाढेल, असं आपल्याकडे. तिकडचं दुःख खरं आहे. डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. 2000 साली अमेरिकी कारखान्यांत 1 कोटी 70 लाखांवर नोकऱ्या होत्या, 2010 पर्यंत त्यातल्या पन्नास लाखांहून अधिक गेल्या. यंत्रांनी काही खाल्ल्या, 2008 च्या मंदीने काही. पण ज्या भागांना चिनी मालाची झळ जास्त बसली तिथेच रोजगार अधिक बुडाला, हे डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी 2013 मध्ये मांडलं.

तरीही रायपुरात राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न सुटत नाही. नुसता कारखाना आला की मध्यमवर्ग घडतो का? आमच्याकडे याचा पडताळा तासाभराच्या अंतरात होतो. एका टोकाला भिलाईचा सरकारी पोलाद कारखाना, दुसऱ्या टोकाला उरला ही खासगी कारखान्यांची औद्योगिक वसाहत. दोन्हीकडे पोलादच.

भिलाईची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. विदर्भातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं तिथे रुजली. फिटर, क्रेन ऑपरेटर, टाइमकीपर अशी कामं. पण कामाबरोबर कारखान्याच्या वसाहतीत सेक्टरमधलं क्वार्टर मिळालं, पोरांना शाळा मिळाली, दुखलं-खुपलं तर सेक्टर 9 चं हॉस्पिटल होतं, म्हातारपणासाठी फंड आणि ग्रॅच्युइटी. फिटरचा मुलगा इंजिनिअर झाला तो याच जोरावर. पुढच्या वीस वर्षांचा भरवसा हातात असला, की माणूस मुलीच्या शिक्षणाला पैसे लावतो, घरासाठी कर्ज काढतो, संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जातो. मध्यमवर्ग म्हणतात तो हाच भरवसा.

आता उरल्यात या. स्पंज आयर्न आणि भंगार इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट पडतात, रोलिंग मिलमध्ये त्यांची सळई होते. लहान मिलमध्ये लालभडक सळई रोलमधून सापासारखी बाहेर येते, तेव्हा समोरचा माणूस ती सांडशीने धरतो आणि वळवून पुढच्या खाचेत घालतो. धग इतकी की थोडा वेळ काम, मग दुसऱ्याची पाळी. हात चुकला तर सळई मांडीतून आरपार जाते. हे काम कुणीही उठून करावं असं नाही, त्याला वर्षांचा सराव लागतो. पण हा कसबी माणूस बहुतेक ठिकाणी कारखान्याचा नसतोच, ठेकेदाराचा असतो. ओडिशातून, बिहारातून आलेला, बीरगावात एका खोलीत चौघांबरोबर राहणारा. ठेकेदार बदलला की नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. रायपूरच्या गच्च्यांवर सकाळी काळी भुकटी साचते. त्या धुरात आमचा सगळ्यांचा वाटा आहे, पण त्या भट्टीच्या कमाईत त्या कसबी माणसाचा वाटा किती?

उरल्याने मध्यमवर्ग घडवलाच नाही, असं मी म्हणणार नाही. ट्रान्सपोर्टवाले, हिशेबनीस, केमिस्ट, सुपरवायझर यांची घरं याच पट्ट्यावर उभी राहिली. भट्टीपुढचा माणूस मात्र तिथेच राहिला.

असा कामगार गप्प बसला नव्हता. भिलाई परिसरातल्या खासगी कारखान्यांत कायम नोकरी आणि जगण्यापुरता पगार मागणारी चळवळ शंकर गुहा नियोगींनी उभी केली. 28 सप्टेंबर 1991 रोजी पहाटे त्यांना झोपेत गोळी घालण्यात आली. पुढच्या 1 जुलैला भिलाईत रेल्वे रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, डझनाहून अधिक माणसं मेली. मागणी काय होती? सेक्टरमधल्या फिटरला जे मिळत होतं त्यातलं थोडंफार.

मग 2001. चीनच्या प्रवेशाचं तेच साल. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली की कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये म्हटलं होतं. ऑगस्ट 2001 मध्ये घटनापीठाने ते फिरवलं. खटल्यात एका बाजूला होती स्टील अथॉरिटी, म्हणजे भिलाईचीच मालक. तेव्हा देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत शंभरांतले वीसएक कामगार कंत्राटी होते, आता चाळीसच्या वर आहेत. भिलाईच्या फाटकातूनही आज ठेकेदाराची माणसं मोठ्या संख्येने आत जातात. काम परदेशी गेलं नाही, भट्टी जागची हलली नाही. नोकरी तेवढी फाटकाबाहेर गेली.

अमेरिकेतल्या कामगारानेही नेमकं हेच गमावलं, असं मला वाटतं. 1950 मध्ये जनरल मोटर्सने मोटार कामगारांच्या युनियनशी पाच वर्षांचा करार केला, त्यात महागाईशी जोडलेला पगार होता, पेन्शन होतं, आजारपणाचा खर्च होता. तो करार मोटारीच्या पत्र्यातून आला नव्हता, तो संघटनेने मिळवला होता. कारखाना परत नेला आणि माणसं एजन्सीमार्फत घेतली, तर डेट्रॉइटला उरला मिळेल.

म्हणून चीनमधून निघालेला उद्योग इकडे येताना किती हजार रोजगार आणणार, हा आकडा मला पुरेसा वाटत नाही. किती जण कंपनीच्या पगारपत्रकावर असतील, ते जाहीर व्हायला हवं. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत, असं त्यात लिहिलं आहे. लगेच पुढे अपवादही आहे: ते काम एरवी कंत्राटदारामार्फतच होत असेल, तर चालेल. उरल्यात भट्टीचं काम एरवी कुणामार्फत होतं, हे बीरगावातला कुठलाही पानठेलेवाला सांगेल.