पांढरी की काळी, यात सिद्धगड हरवला

बसा. कॅमेरे पिशवीत टाका, मोबाइल उलटे ठेवा आणि ऐका. काल सिद्धगड उतरल्यावर मी गप्प राहिले. रागाच्या भरात शिकवू नये, असं मी मानते. आज राग ओसरलाय, पण बोलायचं ते बोलणारच.

नारिवलीपासून माचीपर्यंत अख्ख्या चढणीत तुमचा एकच विषय चालला होता. पांढरी लेन्स भारी की काळी? पांढरी म्हणजे प्रोफेशनल आणि काळी म्हणजे नवखा, हे कोणी ठरवलं? मग तुमच्यातल्या एकाने वाट दाखवायला आलेल्या त्या मुलाच्या गळ्यातला जुना कॅमेरा पाहिला आणि म्हणाला, "हे काळं डबडं अजून चालतं का?" बाकीचे हसले. बोलणारा एकटा होता, हसणारे बरेच होते. हसणाऱ्यांवर माझा राग जास्त आहे, कारण त्यांना चूक कळत होती आणि तरी ते हसले.

आता प्रश्नाकडे वळू. रंगाने फरक पडतो का? पडतो. पण कुठे पडतो आणि किती पडतो, हे तुमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. तासभर हिरिरीने भांडलात आणि भांडणाच्या विषयाची माहिती कोणाकडेच नाही. मला सर्वांत जास्त खुपलं ते हे.

मोठ्या टेलिफोटो लेन्सच्या नळीला पांढरा रंग देण्याचं मूळ कारण उष्णता आहे. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच जागी जुळत नाहीत आणि कडांना जांभळ्या-हिरव्या रेषा उमटतात. हा दोष घालवायला फ्लोराइट नावाचा स्फटिक फार उपयोगी पडतो. निसर्गात तो पुरेसा मोठा आणि निर्मळ मिळत नाही, म्हणून कॅननने तो कारखान्यात वाढवला आणि 1969 साली 300 मिलिमीटरच्या लेन्समध्ये बसवला. पण फ्लोराइट उन्हाने साध्या काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. मैदानाच्या कडेला दिवसभर उन्हात उभी राहिलेली काळी नळी तापते, आतले भाग किंचित हलतात आणि फोकस सरकतो. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, म्हणून नळी पांढरी केली. 2018 साली आलेल्या कॅननच्या नव्या 400 आणि 600 मिलिमीटरच्या लेन्सना तर अवरक्त किरण परतवणारा खास लेप दिलेला आहे. म्हणजे हा रंग निव्वळ मिरवण्यासाठी आलेला नाही, हे मी मान्य करते.

आता याची दुसरी बाजू. निकॉनने वर्षानुवर्षं मोठ्या लेन्स मुख्यतः काळ्याच केल्या. 2013 साली आलेल्या त्यांच्या 800 मिलिमीटरच्या लेन्समध्ये फ्लोराइट होतं, तरी नळी काळीच होती. तिच्यावर जगभरच्या वन्यजीव छायाचित्रकारांनी काम केलं. लांब लेन्सची फोकसची रिंग अनंताच्या खुणेपलीकडे थोडी फिरते, तीही याच उष्णतेसाठी. नळी तापून लांबी बदलली तरी दूरचं दृश्य टिपता यावं, म्हणून ती जागा सोडलेली असते. म्हणजे रंग हा उष्णतेवरचा एक उपाय आहे, एकमेव नव्हे. आणि तुमच्या खांद्यावर ज्या छोट्या झूम लेन्स होत्या, त्यांना या वादाशी काही देणंघेणं नाही.

उन्हाची एवढी काळजी होती, तर काल दुपारी माचीवरच्या तापलेल्या कातळावर कॅमेरे उघडे ठेवून जेवायला कोण बसलं होतं? पांढऱ्या लेन्सचा अभिमान सांगणारेच! लेन्स सावलीत ठेवावी, ओला नसलेला सुती पंचा तिच्यावर टाकावा, एवढी साधी गोष्ट करायची होती. भर दुपारी दरीपलीकडच्या गोरखगडाचे फोटो काढलेत आणि ते मऊ आले म्हणून लेन्सला दोष दिलात. तो दोष हवेचा होता. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा प्रकाश वाकवते, दृश्य थरथरतं, आणि अंतर जितकं जास्त तितकी थरथर जास्त. तिला कुठल्याच रंगाची लेन्स आवरू शकत नाही. त्यावर औषध एकच: पहाटे उठणं. मी पहाटे हाक मारली तेव्हा किती जण उठलात, ते तुम्हालाच आठवत असेल.

रंग खरोखर जिथे महत्त्वाचा आहे, तिथे तुमच्यापैकी एकाचीही नजर गेली नाही. लेन्सच्या आत बघा. आतली नळी मुद्दाम काळी आणि खरखरीत ठेवलेली असते, कारण आत उसळणारा प्रकाश चित्र फिकं करतो. समोरच्या काचेवर जांभळी-हिरवी झाक दिसते, ती परावर्तन थांबवणाऱ्या लेपाची. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो. पंधरा सुट्या भिंगांची लेन्स असेल तर पृष्ठभाग होतात तीस. गणित करा: शेवटी एक तृतीयांशही प्रकाश पोचत नाही. 1935 साली जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी या लेपाचं पेटंट घेतलं, म्हणून आजच्या एवढ्या भिंगांच्या झूम लेन्स शक्य झाल्या. आणि तुम्ही त्याच काचेवर शर्टाचं टोक घासत होतात! हूड पिशवीत, काचेवर बोटांचे ठसे, आणि वाद चालला होता नळीच्या रंगावर.

तुमच्यापैकी एकीने वाटेत विचारलं होतं, "पांढऱ्या लेन्सला प्राणी घाबरतात का?" काल ऐकलेला हा एकच कामाचा प्रश्न. तिला उत्तर देते. सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो. 1985 साली घोषित झालेलं हे अभयारण्य शेकरूसाठी ओळखलं जातं. तिथल्या गर्द झाडीत पांढरी नळी चमकते आणि ती हलली की लगेच नजरेत भरते. पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा चांगले दिसतात. म्हणून जंगलात पांढऱ्या लेन्सवर मातकट किंवा हिरवट कापडी आवरण चढवतात. पण आवरणाआधी स्वतःकडे बघा. भडक टी-शर्ट, अंगाला अत्तर, चिवड्याच्या पिशव्यांची चुरचुर आणि मोठ्याने वाद. शेकरू संकट जाणवलं की फांदीला चिकटून निश्चल होतं. त्याने तुम्हाला केव्हाच पाहिलं होतं आणि तुम्ही त्याच्या खालून बोलत निघून गेलात.

ते कोणाला दिसलं? त्या मुलाला. दोन फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचं गोल घरटं त्याने बोटाने दाखवलं. एक शेकरू अनेक घरटी बांधतं आणि त्यातलं वापरातलं कुठलं हे ताज्या पानांवरून कळतं, हेही त्यानेच सांगितलं. मग तो एका झाडाला टेकून बसून राहिला. संध्याकाळी त्याच्या कॅमेऱ्यात फुललेल्या पांगाऱ्यावर उतरलेलं शेकरू होतं. चौकट थोडी तिरकी होती, पण प्रकाश तिरपा पडला होता आणि शेपटीच्या केसांतून तो आरपार आला होता. तुमच्या कार्डांवर काय होतं? एकमेकांच्या लेन्सचे फोटो.

आणि एक गोष्ट मी सोडणार नाही. पायथ्याच्या हुतात्मा स्मारकासमोर लेन्स छातीशी धरून तुम्ही स्वतःचे फोटो काढलेत. ते कोणाचं स्मारक आहे, असं विचारल्यावर एकमेकांकडे बघत राहिलात. माथेरानचे वकील भाई कोटवाल यांनी 1942 च्या लढ्यात आझाद दस्ता उभारला आणि विजेचे मनोरे पाडून सरकारला हैराण केलं. 2 जानेवारी 1943 रोजी याच सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी लोक इथे अभिवादनाला येतात. जागा कोणती हे ज्याला माहीत नाही, त्याने तिथे शटर दाबू नये. जागेची माहिती हा छायाचित्राचा पहिला भाग आहे, कॅमेरा त्यानंतर येतो.

मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी 1919 च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत काढलेलं छायाचित्र मी तुम्हाला वर्गात दाखवलं होतं. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांकडे माणसं बोट दाखवताहेत. शंभर वर्षांनंतरही ते साक्षीपुराव्यासारखं उभं आहे. विरकरांची लेन्स कुठल्या रंगाची होती, असं ते चित्र पाहून कोणी विचारत नाही. ते तिथे गेले, नेमकं काय दाखवायचं हे त्यांना कळलं आणि त्यांनी ते दाखवलं. छायाचित्रकाराचं काम एवढंच आहे, आणि एवढं करायलाच आयुष्य लागतं.

पांढऱ्या लेन्स घेऊ नका, असं मी म्हणत नाही. आई-वडिलांनी पैसे साठवून घेऊन दिली असेल तर ती जपा, तिच्यातून काम काढा. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगाला बुरशी लागते. पावसाळ्यात लेन्स बंद कातडी पिशवीत कोंडू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. पण त्या लेन्सवरून माणसांच्या जाती पाडाल, तर ते मला या वर्गात चालणार नाही.

आता काय करायचं ते लिहून घ्या. येत्या रविवारी सगळ्यांनी पुन्हा नारिवलीला जायचं आणि त्या मुलाची समोर उभं राहून माफी मागायची. त्याला पैसे किंवा जुनी लेन्स देऊन मोकळं व्हायचं नाही. त्याच्या शेजारी गुपचूप बसायचं, तो बघतो ते बघायचं. प्रत्येकाने एकच छायाचित्र छापून आणायचं. मागे कॅमेऱ्याचं, लेन्सचं नाव लिहायचं नाही. लिहायचं ते असं: प्रकाश कुठून येत होता, समोरचा जीव काय करत होता, आणि त्याच क्षणी बोट का दाबलं. ही तीन उत्तरं ज्याच्याकडे नसतील, त्याचं चित्र मी बघणार नाही.

माफी मागून या. पुढचा धडा त्यानंतर.