आधी दुरुस्ती, मग मरण

माणहून शिवाजीनगरकडे निघालेली मेट्रोची मार्गिका गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या दारावरून जाते. त्याच आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात समित चट्टोपाध्याय यांच्या गटानं केलेलं एक काम २०१० साली प्रसिद्ध झालं. मला ते फार मोलाचं वाटतं.

आपल्या पेशींमध्ये बॅक्स नावाचं प्रथिन असतं. जेमतेम १९२ अमिनो आम्लांची साखळी, तिचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर. एरवी ते निमूट असतं. वेळ आली की तंतुकणिकांच्या आवरणाला भोकं पाडतं आणि पेशी आपला संसार आवरते. डीएनएला इजा झाली की पी-५३ हे प्रथिन बॅक्सचं जनुक चालू करू शकतं. पण विभाजन थांबवून दुरुस्तीला सवडही तेच देतं. मग मरायचं की थांबायचं, हे ठरतं कसं? पुण्याच्या गटाला दिसलं ते असं: इजा किरकोळ असेल तर स्मार-१ नावाचं प्रथिन बॅक्सच्या जनुकाजवळ बसून त्याला दाबून धरतं. इजा हाताबाहेरची असेल तर स्मार-१ केंद्रकातल्या काही ठिपक्यांमध्ये अडकून पडतं आणि बॅक्सची वाट मोकळी होते. मरण हाताशी असूनही पेशी आधी सावरायची संधी घेते, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

ही दुरुस्तीच बिघडली तर? बॅक्सच्या जनुकात ‘जी’ हे अक्षर ओळीनं आठ वेळा येतं. पोथी उतरवताना तेच अक्षर पुन्हापुन्हा आलं की नजर घसरते, तशी इथं नक्कल चुकते. चूक सुधारणारी प्रथिनं नसतील तर एखादा ‘जी’ वाढतो किंवा गळतो, पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि बॅक्स तयारच होत नाही. दुरुस्तीही गेली, मरणही गेलं. पेशी वाढतच राहते. दुरुस्ती बिघडलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी तपासलेल्या निम्म्याहून अधिक गाठींत हा बदल १९९७ मध्ये आढळला.

दुरुस्तीतला हा दोष काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. आपल्या घरांत मात्र ‘आजोबा पोटाच्या दुखण्यानं गेले’ एवढ्यावर विषय संपतो. कामासाठी गाव सोडून हिंजवडी-माणला आलेल्यांनी आत्याला, काकांना फोन करून नीट विचारावं: तेव्हा वय काय होतं, गाठ कुठं होती, आणखी कोणाला झाली होती? मोठं आतडं आतून पाहणारी कोलोनोस्कोपी कधीपासून करायची, हे डॉक्टर त्या उत्तरांवरून सांगू शकतात.