दोन डबे

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या मागांवरून चादरी-टॉवेल उचलायचे आणि गावोगावच्या दुकानांत पोचवायचे, हा दोघा भावांचा धंदा. थोरल्याची फेरी तुळजापूरकडे, धाकट्याची मोहोळवरून पंढरपूरला. गाड्या एकाच दिवशी घेतलेल्या, दोन्ही शंभर सीसीच्या. फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्या आणि तेल कुठलं घालायचं, यावरून घरात वाद लागला.

थोरला दुकानात गेला आणि फळीवरचा सगळ्यात महाग डबा घेऊन आला. पूर्ण सिंथेटिक, डब्यावर झकपक मोटारीचं चित्र. धाकट्याने एका मोठ्या किराणा दुकानातून त्या दुकानाच्याच नावाचा डबा आणला, निम्म्याहून कमी किमतीत.

‘‘किराणा दुकानाचं तेल इंजिनात घालतो?’’ थोरला हसला. ‘‘उद्या पिस्टन हातात येईल.’’

धाकट्याने गाडीची पुस्तिका काढून डब्याशेजारी ठेवली. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल, जासो एमए असं छापलेलं. डब्याच्या मागेही अक्षर न् अक्षर तेच. त्याने एवढंच जुळवलं आणि तेल भरलं. सोलापूरचा माणूस चादर घेताना चिमटीत धरून वीण बघतो, वजन विचारतो; तेलाचा डबा मात्र नाव बघून उचलतो. तसं पाहिलं तर दुकानाच्या नावाचं तेल दुकानदार थोडंच बनवतो? ते कुठल्यातरी तेल कारखान्यातच भरलं जातं.

थोरल्याचा हिशेब वेगळाच होता. तेल दुप्पट महाग, म्हणजे दुप्पट चालणार. पुस्तिकेतलं अंतर उलटून गेलं तरी त्याने ड्रेन नट सैल केला नाही. धाकटा अंतर भरलं की गाडी मिस्त्रीकडे लावायचा. स्वस्त असल्यामुळे बदलताना त्याचा हातही आखडत नव्हता.

वैशाख आला. पारा त्रेचाळीसवर. मागे चादरींचा गठ्ठा बांधून थोरला तुळजापूरचा घाट चढत होता, तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी काही पुढे सरकेना. शेवटी गठ्ठ्यासकट टेम्पोत घालून गाडी सोलापूरला आणावी लागली.

मिस्त्रीने कव्हर उघडलं, क्लच प्लेटा बाहेर काढल्या आणि बोटाने खरवडून बघितल्या. ‘‘दादा, आईल कुठलं घातलंव?’’

थोरल्याने अभिमानाने नाव सांगितलं.

‘‘ते मोटारीचं. मोटारीचा क्लच बहुतेक कोरडा असतो, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. तुमच्या गाडीत इंजिन, गिअर, क्लच, तिघं एकाच तेलात बसलेत. मोटारीच्या कितीतरी पातळ तेलांत घर्षण कमी करणारी औषधं असतात. इंजिनला बरं वाटतं, पण क्लच घर्षणावरच धरतो की! धरायचं सोडून स्लिप मारतो. म्हणून डब्यावर जासो एमए बघायचं.’’ मग त्याने पातेल्यातल्या तेलाकडे बोट दाखवलं. अर्ध्याहून जास्त उडून गेलं होतं, उरलेलं डांबरासारखं काळं. ‘‘आणि महाग तेल घातलं म्हणून बदलायचंच नाही, हे कुणी सांगितलं?’’

प्लेटा, पॅकिंग, मजुरी धरून जे बिल झालं, त्यात धाकट्याची दोन वर्षांची तेलं आली असती.

गोष्ट इथे थांबली असती, पण धाकट्याच्या डोक्यात विजय चढला. आपण स्वस्त घेतलं म्हणून जिंकलो, असं त्याने धरलं. डब्याच्या मागचं वाचलं होतं, हे तो विसरलाच. पुढच्या खेपेला तो पाण्याच्या बाटलीत पिंपातलं सुटं तेल घेऊन आला. आधीच्याहूनही निम्म्या किमतीत.

मिस्त्री तेव्हा एका रिकाम्या डब्याला पेचकसाने भोक पाडत होता. गिऱ्हाइकाचा रिकामा डबा तो कधीच अख्खा टाकत नाही. अख्खे डबे गोळा करून त्यांत जळकं तेल गाळून भरणारे आहेत, आणि वरचं लेबल अस्सलच राहतं.

बाटली उजेडात धरून त्याने विचारलं, ‘‘ह्याची ग्रेड कुठली?’’

‘‘दुकानदार म्हणाला, चांगलं आहे.’’

मिस्त्रीने बाटली परत धाकट्याच्या हातात दिली. ‘‘मग त्याच्या गाडीत घालून ये.’’